सोजरामावशीचं मशीन आणि हलकंफूल कंपनी

सोजरामावशी बोराटे भांडायला दारात उभी राहिली, की दौंडच्या रेल्वे कॉलनीतली माणसं टीव्हीचा आवाज बंद करायची. टीव्हीवर असलं कुठं ऐकायला मिळतंय! मावशीच्या भांडणाला रीत होती. पदर खोचायचा, उजवा हात कमरेवर, डावा हवेत, आणि पहिलं वाक्य एकदम हळू: "व्हय गं, मी काय म्हंते..." एवढं ऐकलं तरी समोरची निम्मी खचायची. कारण पुढचं सगळं त्या समोरच्या बाईच्याच आवाजात यायचं. ती नाकातून बोलणारी असली तर मावशी नाकातून बोलायची; पुण्याहून नवीन आलेली असली तर ओठ चिमटून "अहो, आपण असं कसं बोलता बाई" म्हणायची. स्वतःचाच आवाज स्वतःच्या अंगावर धावून आला की माणूस काय करणार? दार लावून घेणार.

असल्या बाईला एका पॅकर्स अँड मूव्हर्सवाल्यानं गंडवलं. तेही तिच्याच सहीनं.

मावशीचं माहेर इनामगावचं, घोड नदीकाठचं माळ्याचं घर. वांगी, मिरची, झेंडू यांच्यात लहानपण गेलं. लग्न होऊन ती दौंडला सर्जेराव बोराट्यांच्या क्वार्टरमध्ये आली. सर्जेराव रेल्वेत पॉइंट्समन. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची हे काम त्यांचं, आणि घर कोणत्या रुळावर न्यायचं हे मावशीचं. सर्जेरावांनी ही वाटणी पहिल्या वर्षीच मान्य केली आणि त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत.

पण मावशीची खरी ओळख भांडणाची नव्हती, शेवयांच्या मशीनची होती. बिडाच्या लोखंडाचं धूड, कंबरेइतकं उंच, वर मोटर, बाजूला पट्टा, मधे चकचकीत रोलर. माहेरून आलेली म्हैस विकून तिनं ते घेतलं होतं. होळी झाली की क्वार्टरच्या मागच्या अंगणात ते मांडायचं, त्याला हळदी-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि मग उन्हाळा संपेपर्यंत सगळी कॉलनी सपिटाचे डबे घेऊन रांगेत. बिहारी फिटरची बायको, तेलुगू गार्डची आई, सगळ्या. मशीनवर बसलेली मावशी मात्र कुणाशीही भांडत नसे. रोलरमधून शेवयांची झालर उतरायला लागली की तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, की नवीन सुनासुद्धा न घाबरता जवळ यायच्या.

सर्जेराव रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. पोरगा सत्यजीत आणि सून नीलम शिरूरला राहायचे. दोघं रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. तिकडं जायचं ठरलं. सर्जेराव म्हणाले, "ओळखीचा टेम्पो सांगतो."

"टेम्पो म्हंजी काय, कांद्याच्या गोण्या हायेत का आपण?" मावशी म्हणाली. तिनं स्टेशनबाहेरच्या भिंतीवर जाहिरात बघितली होती: 'हलकंफूल पॅकर्स अँड मूव्हर्स. तुमचं सामान, आमचं फूल!' खाली एक गोरी बाई, हातात गुलाब. मावशीला ते फार पटलं. आयुष्यात एकदा तरी आपलं सामान कुणीतरी फुलासारखं उचलावं.

निघायच्या दिवशी कंपनीची गाडी आली, दोन हमाल आले, खोकी आली, चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज घरभर. आणि बाहेर सुरू झालं रडणं. ज्या बायकांशी मावशी जन्मभर भांडली, त्याच सगळ्यात मोठ्यानं रडत होत्या. एकेकीनं गळ्यात पडायचं, पाठीवरून हात फिरवायचा, "आता शेवया कुठं करायच्या गं" म्हणायचं, मग पुढची. शेजारची ताईबाई तर एका हातानं गळ्यात पडत होती आणि दुसऱ्या हातानं मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. मावशीचे डोळे एवढे भरले होते की तिला समोरचं लिंबाचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

शिरूरला गाडी पोचली तेव्हा घरात दूध तापत होतं. नवीन घरात पाऊल टाकलं की आधी दूध उतू जाऊ द्यायचं, मग देव मांडायचे, आणि मगच सामानाला हात लावायचा. ही रीत मावशीनं तिच्या सासूकडून घेतली होती आणि ती मोडायची तिची छाती नव्हती. पण दूध म्हशीचं, घट्ट, गॅस बारीक. ते काही उतू जायला तयार नव्हतं. इकडं हमालांनी सगळी खोकी भिंतीला लावली आणि ड्रायव्हर कागद घेऊन दारात उभा.

"माताजी, साइन कर दो. हमको वापस दौंड जाना है."

"थांब की रं, दूध तरी उतू जाऊ दे."

"दूध से क्या लेना-देना? सिर्फ साइन."

मावशीचा एक डोळा पातेल्यावर, एक कागदावर. तेवढ्यात दुधाला साय धरली, कडेनं फेस चढला, नीलम ओरडली "आई, आलं आलं!", आणि त्या गडबडीत मावशीनं सही ठोकली. दूध उतू गेलं. गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. सगळ्यांनी हात जोडले.

संध्याकाळी मोठं खोकं फोडलं. आत मशीन. बिडाच्या अंगाला वरून खालपर्यंत तडा गेलेला, रोलरचा दांडा वाकलेला, जणू कुणी मान मोडून ठेवलीय.

मावशी खाली बसली आणि त्या तड्यावरून बोट फिरवत राहिली. घरातल्यांना भीती वाटली ती या गप्प बसण्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कंपनीला फोन लावला.

"नमस्कार, हलकंफूलमध्ये आपलं स्वागत आहे, मी करिश्मा बोलतेय, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया लाईनवर राहा." मग बासरी. मग पुन्हा करिश्मा. "मॅम, आपल्याला झालेला त्रास आम्ही समजू शकतो मॅम. आपली कंप्लेंट फॉरवर्ड केली आहे मॅम."

"कुठं फॉरवर्ड केली?"

"पुढं मॅम."

असे फोन चार-पाच दिवस चालले. मावशीला करिश्माचा आवाज तोंडपाठ झाला. शेवटी एकदा मालकच फोनवर आला. गोकुळशेठ. त्याची बोलायची एक तऱ्हा होती: प्रत्येक मुद्द्याला झाकण लावल्यासारखं 'विषय संपला' म्हणायचं.

"हे बघा मावशी, कागदावर काय लिहिलंय? माल सुस्थितीत मिळाला. खाली सही कुणाची? तुमची. विषय संपला."

"आरं, पण खोकं उघडलंच न्हवतं!"

"ते तुम्ही बघायला पायजे होतं. आणि मी काय म्हणतो, शेवयाच खायच्यात ना तुम्हाला? दुकानातनं पाकीट आणा. ह्या वयात कशाला मशीन-बिशीन ओढत बसायचं? विषय संपला."

फोन बंद झाला. मशीन मोडलं ते मोडलं, पण पाकीट? तिला, सोजरा बोराटेला, पाकीट? होळी दीड-दोन महिन्यांवर आली होती. शिरूरच्या नव्या गल्लीत तिला ओळखणारं कुणी नव्हतं. मशीन नसलेली सोजराबाई म्हणजे गल्लीत आलेली अजून एक म्हातारी, एवढंच. आणि तो गोकुळ्या दौंडात बसून हसणार.

"त्याला रडवला न्हाई तर नाव सांगणार न्हाई," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरून दौंडला गेली.

गोकुळशेठच्या ऑफिससमोर मावशी उभी राहिली. पदर खोचला. हात कमरेवर. "व्हय रं, मी काय म्हंते..." आणि मग तिनं आयुष्यातलं सगळ्यात भारी भांडण केलं. त्याच्या आवाजात केलं, करिश्माच्या आवाजात केलं, मधेच तोंडानं बासरीसुद्धा वाजवली. चहाच्या टपरीवरची माणसं जमली. आणि घडलं काय? आतली पोरं मोबाईल काढून शूटिंग करायला लागली. गोकुळशेठ खुर्चीतून उठून दारात आला, हात जोडून म्हणाला, "मावशी, आवाज एक नंबर! गणपतीत कार्यक्रम ठेवू तुमचा. पण सही तुमचीच. विषय संपला." टाळ्या पडल्या. सगळे हसले. टपरीवालासुद्धा.

परतीच्या एसटीत मावशी खिडकीला डोकं लावून बसली होती. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या भांडणावर कुणी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळी पडली की भांडण मेलं, हे तिला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर नीलमनं पाणी दिलं आणि विचारलं, "आई, झाला का सगळा राग काढून?"

"न्हाई."

"मग बरं झालं. आता तो जपून वापरू."

नीलम रांजणगावला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होती. बोलायला मऊ, पण तिच्या सहीशिवाय तिथून एक ट्रक हलत नसे. ती म्हणाली, "आमच्याकडं कस्टमर फोनवर बोंबलतो ना, तेव्हा आमचा मॅनेजर फोन टेबलावर ठेवून समोसा खातो. पण कस्टमरचा शांत मेल आला, त्यात तारीख, फोटो, काय बिघडलं, आम्हाला काय हवं, कधीपर्यंत हवं, असं आलं की त्याच मॅनेजरला घाम फुटतो. तुम्ही बोला, मी लिहिते."

मावशीला एवढंच हवं होतं. ती मांडी घालून बसली.

"लिही. गोकुळ्या, तुझा मुडदा बशिवला..."

नीलमनं टाइप केलं: 'प्रति, मालक, हलकंफूल पॅकर्स अँड मूव्हर्स, दौंड. महोदय,'

"महोदय? त्या मेल्याला महोदय?"

"शिवी दिली की तो हसणार आई. महोदय म्हटलं की वकील शोधणार."

मावशीनं जरा विचार केला. "बरं. म्होरं लिही. तुझ्या त्या दोन रेड्यांचे हात झडू दे."

'आपल्या कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे माझ्या शेवयांच्या मशीनला तडा गेला असून रोलरचा दांडा वाकला आहे. फोटो सोबत जोडले आहेत.'

"म्हातारीला सही करायला लावतो, भामट्या, तुझं तळपट हुईल."

'खोकी सीलबंद असताना माझी सही घेण्यात आली. सीलबंद खोक्यातील वस्तू सुस्थितीत आहे की नाही, हे कोणत्याही ग्राहकाला सांगणे शक्य नाही.'

मावशी थांबली. "वाच परत." नीलमनं वाचलं. "आगं, हे मला तवा का सुचलं न्हाई? हे तर तोंडात मारल्यावानी हाय. आन् हात बी उचलला न्हाई." मग तिला चव लागली. ती एकेक शिवी पुढं करायची आणि नीलमनं तिला इस्त्री करून दिली की डोळे बारीक करून ऐकायची. 'पाकीट आण म्हणतो, तुझ्या जिभेला किडे पडू दे' याचं 'आपण फोनवर दिलेले उत्तर अपमानास्पद होते. त्या फोनची तारीख व वेळ खाली दिली आहे' झालं, तेव्हा तर तिनं सर्जेरावांना हाक मारून दोनदा ऐकवलं. सर्जेराव म्हणाले, "चांगलंय."

"आता मागणी सांगा," नीलम म्हणाली. "तुम्हाला काय पाहिजे?"

"त्यानं माझं पाय धरावं. चौकात."

"ते कायद्यात बसत नाही."

"मग त्याचं दुकान बंद व्हावं."

"तेही नाही. मिळण्यासारखं मागा, म्हणजे नाही म्हणायला जागा राहत नाही."

मावशीनं तडा गेलेल्या मशीनकडं बघितलं. "नवं मशीन. त्याच मेकचं. होळीच्या आधी."

"झालं. आता एकच अडचण. मशीन दौंडला चांगलं होतं आणि ह्यांनीच पाडलं, याला पुरावा काय? तो म्हणेल, आधीच फुटलेलं होतं."

पुरावा म्हटल्यावर मावशीनं ताईबाईला फोन लावला. मागच्या उन्हाळ्यातला मशीनचा एखादा फोटो आहे का, एवढंच विचारायला. ताईबाईनं मोबाईलमधलं मशीन दिसेल ते सगळं पाठवून दिलं. त्यात निरोपाचा व्हिडिओ होता. मावशीनं तो आजवर बघितलाच नव्हता. स्वतःचं रडतानाचं तोंड कोण बघणार?

नीलमनं लावला. समोर बायकांची गर्दी, हुंदके, "सोजरे गं", "आता शेवया कुठं करायच्या गं". आणि मागं गाडीच्या फळीवर दोन हमाल, त्यांच्यामधे मशीन, अजून खोक्यात न घातलेलं, हळदी-कुंकवासकट, सगळं ठणठणीत. एकाचा हात सुटला. धाडकन! व्हिडिओतल्या सगळ्या बायका एकदम गप्प. सगळ्यांनी मागं वळून बघितलं. हमालाचा आवाज स्वच्छ आलाय: "कुछ नहीं हुआ माताजी, लोहा है, लोहे को क्या होता है!" मावशी व्हिडिओतच म्हणते, "हळू रं बाबा." आणि तिनं ताईबाईच्या खांद्यावर पुन्हा डोकं टेकवलं. मग ताईबाईनं सूर धरला, बाकीच्यांनी उचलला, आणि रडणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू.

"बाई बाई बाई," मावशी म्हणाली. "माझ्या डोळ्यांम्होरं पाडलं आन् मी रडत बसले व्हय! पुना लाव." तो तिनं इतक्या वेळा लावला, की शेवटी सर्जेरावच आतल्या खोलीतून म्हणाले, "लोहा है, लोहे को क्या होता है. झोप आता."

पत्र रजिस्टर पोस्टानं गेलं, पोचपावती आली. मशीन तसंच ठेवलं होतं. गल्लीतला वेल्डर येऊन म्हणाला, "मावशी, बिडाला वेल्डिंग टिकत न्हाई, पण म्हनत असाल तर दोन टाके मारतो." नीलमनं त्याला दारातूनच परत पाठवला. "हात लावायचा नाही. तो पुरावा आहे." मावशीनं मशीनवर जुनी साडी पांघरली. येता-जाता ती साडी उचलून तडा बघायची. राग शिळा होऊ नये म्हणून.

पत्रातली मुदत संपली. उत्तर नाही. मग नीलमनं १९१५ला, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. तिथून कंपनीला विचारणा गेली तेव्हा कंपनीनं एका ओळीत कळवलं: 'ग्राहकाने माल सुस्थितीत स्वीकारला आहे.' नीलम हे वाचून चक्क खूश झाली. "आता त्यानं लेखी दिलं आई. आता तो सुटत नाही." तिनं पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं ऑनलाईन तक्रार दाखल केली. पत्र, पोचपावती, फोटो, कंपनीची ती एक ओळ, आणि व्हिडिओ. वकील लागला नाही. मावशीनं फक्त एक गोष्ट सुचवली: हमाल हिंदीत काय म्हणतो ते अक्षरशः लिहायचं. 'लोहे को क्या होता है' हे वाक्य तक्रारीत स्वतंत्र ओळीत टाकलं.

आयोगाची नोटीस आणि तक्रारीची प्रत गोकुळशेठच्या हातात पडली, त्याच दुपारी मावशीचा फोन वाजला.

"ताई," गोकुळशेठ म्हणाला. मावशी नाही, ताई. "अहो ताई, घरातलं प्रकरण एवढं लांब कशाला न्यायचं? आपण दौंडची माणसं..."

मावशीनं घसा साफ केला. आवाज पातळ केला. "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया लाईनवर राहा." आणि फोन परातीजवळ ठेवून ती भाकरी थापायला बसली. मधूनमधून फोनजवळ वाकून बासरी वाजवायची. दोन भाकऱ्या झाल्यावर तिनं विचारलं, "सर, आपण लाईनवर आहात का सर?"

तो लाईनवर होता.

त्याला तडजोड हवी होती. वकिलानं त्याला सांगितलं होतं, हा व्हिडिओ सुनावणीत लागला तर तिथले लोकसुद्धा हसतील. नवं मशीन देतो, म्हणाला, फक्त आजच्या आज तक्रार मागं घेतल्याचा कागद द्या.

इथं मावशी अडली. रात्री जेवताना ती म्हणाली, "मागं घ्यायची न्हाई. चालू दे केस. हेलपाटं घालू दे पुण्याला. त्याचं बूट झिजू दे."

"चालवू," नीलम म्हणाली. "पण मग हा उन्हाळा मशीनशिवाय जाणार."

मावशीनं घास खाली ठेवला. दारात गल्लीतली सुरेखा संध्याकाळीच येऊन गेली होती: "मावशी, तुमच्याकडं शेवयाचं मशीन येणारे म्हणे?" असं विचारून. गल्लीतली ती पहिलीच बाई, जी तिला काहीतरी विचारायला आली होती.

"बरं," मावशी म्हणाली. "कागद देऊ. पण माझ्या अटीवर. लिही. मशीन घरी आणायचं. स्वतः मालकानं यायचं. जोडून, चालवून, शेवया पाडून दाखवायच्या. आन् शेवया वाळंपत्तूर थांबायचं. मग सही."

"वाळेपर्यंत? ते कशाला?"

"तांत्रिक हाय," मावशी म्हणाली.

होळीच्या आधीच्या रविवारी गोकुळशेठ आला. पांढरा कडक शर्ट, गॉगल, हातात पेढ्यांचा बॉक्स. मागून गाडीत मशीन. "नमस्कार ताई! चला, सही करून टाकू, मला अकराला बारामतीत..."

"बसा शेठ. आधी खोकं फोडा."

त्याच्या माणसानं खोकं फोडलं. मशीन जोडलं. पट्टा चढवला. मावशीनं हळदी-कुंकू लावलं. सुरेखा सपिटाचा डबा घेऊन आली होती, मावशीनं चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "चालतंय. मळ." मोटर घुमली, रोलर फिरला, शेवयांची पहिली झालर खाली उतरली आणि गल्लीतल्या बायकांनी "आगं बया!" केलं. बाजेवर धोतर अंथरून शेवया उन्हात पसरल्या.

"झालं ना ताई? विषय..."

"वाळू द्या," मावशी म्हणाली.

"किती वेळ लागतो?"

"ऊन कसं पडतं त्यावर हाय."

मग मावशीनं त्याच्या हातात एक काठी दिली. गल्लीत शेळ्या फार. मशीन त्याचं, जबाबदारी त्याची. शेठ प्लॅस्टिकच्या बादलीवर बसला, काठी घेऊन. ऊन चढलं. कडक शर्ट पाठीला चिकटला. एक शेळी यायची, तो "हाड हाड" करायचा. ते कुत्र्याला म्हणतात, हे शेळीला माहीत होतं. ती जागची हलायची नाही. गल्लीतल्या बायका पाण्याला जाता-येता थांबायच्या.

"हे कोण गं मावशी? पावणं?"

"दौंडचं शेठ हायेत. मोठी कंपनी हाय त्येंची. सामान लई जपत्यात."

दुपारी मावशीनं त्याला पोटभर जेवायला वाढलं, वांग्याची भाजी, भाकरी, वर ताक. पाहुण्याला उपाशी ठेवायचा सूड तिच्या घरात नव्हता. जेवला की पुन्हा बादलीवर. बारामतीचे फोन येत होते. तो म्हणत होता, "अरे शेवया वाळत नाहीत, काय करू!" आणि पलीकडचा काहीतरी भलतंच समजून हसत होता.

ऊन कललं. मावशी बाहेर आली. तिनं एक शेवई उचलली, दोन बोटांत धरली आणि हलकीच वाकवली. कट्. दुसरी. कट्. खाली धोतरावर नुसता चुरा.

"अरारारा," मावशी म्हणाली.

गोकुळशेठ उठून उभा राहिला. "ताई, मशीन कोरं आहे हो! तुमच्यासमोर सील फोडलंय! बिल आहे माझ्याकडं, तुम्ही बिल बघा..."

"मंग तुटत्यात कशा?"

"मला काय माहीत? मला शेवयांतलं काय कळतं?"

"त्येच तर," मावशी म्हणाली आणि बाजेच्या कडेला बसली. नीलमला चहा टाकायला सांगितला. चहा आला. मावशीनं तो बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला, पुन्हा ओतला. शेठचा चहा तसाच गार होत होता. त्याच्या डोळ्यांपुढं पुणं, आयोग, तारीख, व्हिडिओ, सगळं दिसत होतं. घाम आता उन्हाचा नव्हता. काठी अजून त्याच्या हातातच होती. मावशी बशीच्या कडेवरून त्याच्या चेहऱ्याकडं बघत बघत चहा प्याली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि बशी खाली ठेवली.

"सुरेखे," तिनं हाक मारली, "गहू किती येळ ओलवला व्हतास गं?"

सुरेखा ओशाळली. "घाईत हो मावशी. पाण्याचा हात लावला आन् लगेच गिरणीत टाकला."

"मग कसली शेवई हुणार? काड्याच हुणार. मशीन चांगलंय शेठ. आना कागद."

मावशीनं सही केली. नीलमनं त्याची सही घेतली, दोघांनी एकेक प्रत घेतली. पेढ्यांचा बॉक्स ओट्यावरच विसरून गोकुळशेठ गाडीत बसला, आणि दार लावल्यावर त्याच्या लक्षात आलं की काठी अजून हातातच आहे. ती त्यानं काच खाली करून बाहेर दिली.

गाडी वळणाआड गेल्यावर दिवसभर गप्प असलेले सर्जेराव ओट्यावर आले.

"तुला सकाळीच ठावं व्हतं."

"पिठाला बोट लावल्याबरूबर," मावशी म्हणाली. तिनं मशीनचा पट्टा ताणून बघितला, रोलरवरचं पीठ फडक्यानं पुसलं.

"मग त्या बिचाऱ्याला दिवसभर उन्हात..."

मावशीनं फडकं थांबवलं आणि नवऱ्याकडं वळून बघितलं.

"बिचारा कुणाला म्हंता वो?"

सर्जेराव आत गेले. मावशीनं सुरेखाला बजावलं, उद्या गहू चांगला ओलवून, रात्रभर फडक्यात बांधून ठेव, परवा पहिला नंबर तुझा. मग तिनं पेढ्यांचा बॉक्स उघडला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि बाकीचे गल्लीत वाटायला घेऊन गेली.